जुन्या धनुष्याची पारख

बैलबाजारात गेलेला शहाणा शेतकरी आधी काय करतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. विकणारा म्हणतो, "चार दाती आहे, पाटील. घ्या डोळे झाकून." पण पाटील डोळे झाकत नाहीत. ते बैलाचा जबडा उघडून दात मोजतात, खांद्यावरून हात फिरवतात, खूर बघतात आणि चार पावले चालवून पाहतात. बैल बोलत नाही. पण त्याचे दात, खांदा आणि चाल खोटे बोलत नाहीत. आज मी जी हकीकत सांगणार आहे ती बैलाची नाही, धनुष्याची आहे. पण पारखण्याची रीत हीच.

समजा, तुमचा भाचा शिकण्यासाठी अमेरिकेत, मिशिगन राज्यात गेला आहे. तिकडे लोक घरातली अडगळ अंगणात मांडून विकतात. अशा एका अंगणात त्याला एक देखणे धनुष्य दिसते. टोके पुढे वळलेली, मूठ तांबूस लाकडाची, अंगावर आरशासारखी झिलई. घरची बाई म्हणते, "आमच्या सासऱ्यांचं आहे हो. १९५३ सालचं. बघा, वर लिहिलंच आहे." भाचा फोनवरून छायाचित्र पाठवतो आणि विचारतो, "मामा, घेऊ का?" तुम्ही काय सांगाल?

उत्तर देण्यापूर्वी या धनुष्याचे कूळ समजून घेतले पाहिजे. वस्तू कशी घडली हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती कुठे मोडेल हेही कळत नाही.

निरगुडीची एक ओली काठी घ्या आणि दोन्ही हातांनी वाकवा. वाकलेल्या काठीची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. धनुष्याचे सारे मर्म एवढ्यात आहे. बाहेर ताण सोसणारा पदार्थ हवा, आत दाब सोसणारा. एकाच लाकडाला दोन्ही कामे सांगितली तर धनुष्य लांब ठेवावे लागते, नाहीतर ते मोडते. इंग्लंडचे जुने यू लाकडाचे धनुष्य पुरुषभर उंचीचे असे, ते यासाठीच. पण घोड्यावर बसून एवढे लांब धनुष्य कसे फिरवणार? म्हणून मध्य आशियातल्या घोडेस्वारांनी दोन कामे दोघांना वाटून दिली. मध्ये लाकडाची पातळ पट्टी, धनुर्धराच्या तोंडाकडच्या बाजूला जनावराचे शिंग, आणि पलीकडच्या बाजूला जनावराच्या पायातल्या कंडरांचे तंतू. हे सगळे सरसाने जोडायचे आणि महिनोन् महिने वाळू द्यायचे. अशा धनुष्याची दोरी उतरवली की ते उलट्या बाजूला वळते. म्हणून त्याला उलट वळणाचे धनुष्य म्हणू. इंग्रजी नाव रिकर्व्ह.

त्या वळलेल्या टोकांचा उपयोग काय? दोरी चढवलेली असते तेव्हा ती टोकांच्या वळणावर टेकलेली असते. ओढू लागलो की ती वळणावरून हळूहळू सुटत जाते आणि पाते जणू लांब होते. त्यामुळे धनुष्य आखूड असूनही शेवटच्या टप्प्यात एकदम जड होत नाही, आणि बाणाला देण्यासाठी शक्ती मात्र अधिक साठते. आखूड धनुष्य आणि दूर जाणारा बाण, असा दुहेरी लाभ.

आपल्याकडेही हे ज्ञान होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचे चार पदार्थ सांगितले आहेत : ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. शिंगाचे ते शार्ङ्ग. विष्णूला आपण शार्ङ्गधर म्हणतो, ते याच शब्दावरून. गुरुजींनी वर्गात हे नाव आले की मुलांना अवश्य सांगावे.

पण या थरांच्या धनुष्याची एक खोड होती. सरस ओल धरतो. हवा दमट झाली की जोड सैल होतात, म्हणून पावसाळ्यात त्याला फार जपावे लागे. हिंदुस्थानात पोलादाची धनुष्येही घडवली गेली. त्यांच्या बाबतीत थर सुटण्याची धास्ती नव्हती. म्हणजे थर जोडून केलेल्या धनुष्याचा पहिला शत्रू कोण? तर जोड सुटणे. ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा. पुढे कामी येईल.

आता आपण काळ आणि देश दोन्ही बदलू. बंदुका आल्या आणि लढाईतून धनुष्य गेले. खेळात मात्र राहिले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत अमेरिकेतल्या काही पदार्थविज्ञानाच्या पंडितांना या खेळाचा नाद लागला. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतले क्लॅरेन्स हिकमन आणि पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेलेले पॉल क्लॉपस्टेग हे त्यांतले प्रमुख. धनुष्य हे एक यंत्र आहे असे समजून त्यांनी त्याची मोजमापे घेतली. जाड, गोलसर पात्यापेक्षा चपटे, रुंद पाते अधिक काम देते असे हिकमन यांनी दाखवले. क्लॉपस्टेग यांनी तर १९३४ साली तुर्की धनुर्विद्येवर आणि शिंगाच्या धनुष्यावर पुस्तकच लिहिले. त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्याने धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांसाठी वेगळा हंगाम दिला. ज्ञान तयार झाले आणि गिऱ्हाईकही तयार झाले.

आता हवा होता कारागीर. फ्रेड बेअर हा १९०२ साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेला गृहस्थ मोटारींच्या डेट्रॉइट शहरात नोकरीला आला होता. १९३३ साली, मंदीच्या दिवसांत, त्याने एका जोडीदाराबरोबर छोटा धंदा काढला. जाहिरातींची छपाई हा मुख्य धंदा, धनुष्ये हा जोडधंदा. पुढे जोडधंद्यानेच मुख्य धंद्याला गिळले. १९४७ साली त्याने कारखाना मिशिगनमधल्याच ग्रेलिंग या छोट्या गावी नेला.

दुसऱ्या महायुद्धाने दोन नव्या गोष्टी पुढे आणल्या : काचेचे तंतू आणि कृत्रिम राळ. १९४९ च्या सुमारास बेअरने पात्यात ॲल्युमिनियमचा पातळ थर घालून पाहिला. तो प्रयोग टिकला नाही. लाकूड आणि धातू यांचा संसार जमेना. थर सुटू लागले. त्या वेळची धनुष्ये आज संग्राहक भिंतीवर लावतात, ताणीत नाहीत. मग १९५१ च्या सुमारास सारे तंतू एकाच दिशेने, पात्याच्या लांबीने धावतील अशी काचतंतूंची पट्टी वापरात आली, आणि ती यशस्वी झाली. मध्ये लाकूड, बहुधा मेपलचे; दोन्ही अंगांना काचतंतू; जोडायला राळ. जरा मागचे आठवून पाहा. शिंग गेले, कंडरा गेल्या, सरस गेला. पण घोडेस्वाराने केलेली मांडणी जशीच्या तशी राहिली. ग्रेलिंगच्या कारखान्यात जे घडत होते ते जुन्याच धनुष्याचे नवे शरीर होते.

बेअर एकटा नव्हता. मिसूरीत हॉइट, आर्कान्सात बेन पिअर्सन, वॉशिंग्टन राज्यात डेमन हॉवट असे नामांकित निर्माते होते. मिशिगनमधल्या शेक्सपिअर कंपनीने मासेमारीच्या काठ्या काचतंतूच्या केल्या आणि धनुष्येही केली. १९५० आणि १९६० ही दोन दशके म्हणजे या धनुष्याचा भर उन्हाळा.

मग कप्पी आली. मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन याने १९६६ साली टोकांना चाके बसवलेल्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली त्याला ते मिळाले. विहिरीवरच्या रहाटाने जशी घागर हलकी होते, तसे हे धनुष्य पूर्ण ओढल्यावर हाताला हलके लागते. शिकारी मंडळी भराभर तिकडे वळली. जुनी देखणी धनुष्ये माळ्यावर गेली, तळघरात गेली, गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहिली. आज ती अंगणातल्या विक्रीत दिसतात, त्याचे कारण हे.

उलट वळणाचे धनुष्य मेले मात्र नाही. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्या बऱ्याच वर्षांनी परत आली, ती या धनुष्यानिशीच. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकिओच्या ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा त्याच्या हातातही याच कुळातले, नव्या घडणीचे धनुष्य होते.

आता भाच्याच्या धनुष्याकडे वळू. पहिला प्रश्न वयाचा. "१९५३ सालचं, वर लिहिलंच आहे." बाई खोटे बोलत नाहीत, वर तसे लिहिलेले असते खरेच. बेअर कंपनीच्या कित्येक धनुष्यांच्या पात्यावर बारीक अक्षरांत पेटंटचा क्रमांक आणि त्याशेजारी कॅनडाचे नाव व १९५३ हा आकडा छापलेला आहे. पण ते साल कॅनडातल्या पेटंटचे आहे, धनुष्याच्या जन्माचे नव्हे. तोच आकडा पुढे कित्येक वर्षे छापला जात होता. दुकानाच्या पाटीवर "स्थापना १९५३" असे लिहिले म्हणून आतली मिठाई १९५३ सालची होत नाही, तसेच हे!

मग खरे वय कसे ओळखावे? दुसरा साक्षीदार बोलवावा. १९५९ पासून या कंपनीने मुठीच्या लाकडात एक नाणे बसवायला सुरुवात केली. आधी तांब्याचे, मग ॲल्युमिनियमचे, १९६३ च्या सुमारास पितळेचे, आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत उठावाचे प्लॅस्टिकचे. तेव्हा पात्यावर १९५३ आणि मुठीत पितळेचे नाणे असेल, तर ते धनुष्य १९५३ चे असूच शकत नाही. गुरुजन हो, इतिहास शिकवायला याहून सोपे उदाहरण कोणते? लिहिलेला आकडा हा पुरावा खरा. पण तो कशाचा पुरावा आहे हे आधी विचारावे लागते. ताम्रपटापासून सातबाऱ्यापर्यंत हाच नियम.

वयाने किंमत ठरते. पण जीव वाचतो तो प्रकृतीने. जनकाच्या सभेत धनुष्य कडाडून मोडले, ते कीर्तनात ऐकायला गोड वाटते. आपल्या हातात, गालाशी दोरी ओढलेली असताना तसे झाले, तर लाकूड आणि काच डोळ्याशी उडते. म्हणून पुढची तपासणी कंटाळा न करता करावी.

दोरी न चढवता धनुष्य उजेडात धरा. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर घाबरू नका. बहुधा ते रोगण तडकलेले असते. नख फिरवून पाहा. नख अडकले, तर चीर रोगणाच्या खाली गेली आहे. त्यातही फरक आहे. पात्याच्या लांबीने गेलेली बारीक रेघ जाणत्याला दाखवून मग ठरवावे. पण पात्याला आडवी चीर, म्हणजे काचतंतूच तुटलेले. तिथे घासाघीस करू नये. नमस्कार करून पुढे जावे.

मग कापसाचा बोळा घ्या आणि पात्यांच्या कडांवरून सावकाश फिरवा. जिथे काचतंतूचे कुसळ उठले असेल, तिथे कापूस अडकून राहील. कडेला उभे थर दिसतात, ते नीट पाहा. मघाशी गाठीला बांधलेली गोष्ट आता सोडा : जोड सुटणे. पाते मुठीला मिळते ती जागा आणि टोकाजवळची जागा, या दोन ठिकाणी जोड प्रथम सुटतो. दोन थरांत केसाएवढी फट दिसली, किंवा कुणी चिकटद्रव भरून ती लपवलेली दिसली, तर ते धनुष्य भिंतीचे. हातात धरायचे नव्हे. उन्हात तापलेल्या बंद मोटारीत पडून राहिलेल्या धनुष्याला हा रोग जडतो, कारण उष्णतेने राळ ढिली होते.

तिसरी गोष्ट पीळ. टोक डोळ्याजवळ धरून, बंदुकीच्या नळीतून पाहावे तसे पात्याच्या लांबीने पाहा. टोक मुठीच्या मध्यरेषेत आहे की कुशीवर वळले आहे? वर्षानुवर्षे कोपऱ्यात टोकावर उभे ठेवलेले धनुष्य पीळ धरते. थोडा पीळ जाणता माणूस काढू शकतो. नवख्याने त्या नादी लागू नये. टोकांवरच्या दोरीच्या खाचाही बघा. त्या झिजून धारदार झाल्या असतील तर दोरी कापतील.

चौथी गोष्ट भोके. शिकाऱ्यांनी नेम धरण्याची साधने आणि बाणांचे भाते बसवायला मुठीत स्क्रू ठोकलेले असतात. कारखान्यातच बसवलेली पितळी आट्यांची भोके निर्धोक. घरी पाडलेली भोके मुठीत असतील तर किंमत कमी करा. पात्यात असतील तर धनुष्यच सोडून द्या. आणि फार चकचकीत, नव्याने रोगण दिलेल्या धनुष्याचा जरा जास्तच संशय घ्यावा. बाजाराच्या आदल्या दिवशी शिंगे रंगवलेल्या बैलाकडे आपण पाहतो, तसा.

एवढे जमले तर दोरी चढवा. पाय घालून, मांडीवर वाकवून नव्हे. तशाने चांगले पातेही पिळवटते. दोन्ही टोकांना टोपणे असलेली जाड दोरी मिळते. ती टोकांत अडकवावी, पायाखाली दाबावी आणि मूठ सरळ वर उचलावी. धनुष्य आपोआप वाकते आणि दोरी खाचेत बसते. दोरी डॅक्रॉनची असावी. हल्लीच्या न ताणणाऱ्या दोऱ्या जुन्या टोकांना सोसत नाहीत. धक्का सगळा टोकावर येतो आणि ते फुटते. धनुष्यावर लिहिलेल्या लांबीपेक्षा दोरी साधारण चार इंच आखूड लागते.

दोरी चढवली की थोडा वेळ नुसते थांबा आणि ऐका. कट्‌ असा बारीकसा आवाज आला, तरी तपासणी तिथेच संपली. आवाज नसेल तर दोरी दोन्ही वळणांच्या मधोमध टेकली आहे का, ते बघा. मग एक वीत ओढा आणि सावकाश परत आणा. पुन्हा थोडी अधिक ओढा. परत आणा म्हणतो, सोडा म्हणत नाही. बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. बाणाकडे जायची सारी शक्ती तेव्हा पात्यांतच आपटते आणि धड धनुष्यही फुटते. "पोरांनी कधी नुसतीच दोरी ओढून सोडली होती का?" हे विकणाऱ्याला हसत हसत विचारावे. माणसे अशा प्रश्नाला बहुधा खरे उत्तर देतात.

शेवटी वजन. धनुष्यावर ४५ असे लिहिले असेल, तर दोरी २८ इंच ओढली असता ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो, जोर लागतो असा अर्थ. तुमचा हात २६ इंचच ओढत असेल तर दर इंचाला दोन-तीन पौंड कमी धरा. लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. शाळेतल्या प्रयोगाच्या ताणकाट्यासारखा, पण मोठा काटा लावून मोजा. शिकाऱ्यांची जुनी धनुष्ये ४५-५० पौंडांची असतात. नवशिक्या मोठ्या माणसाला २५ ते ३० पुरेत, मुलांना त्याहून कमी. जड धनुष्याने नेम शिकता येत नाही. फक्त खांदा दुखावून घेता येतो. आपल्या शाळेला कुणी वापरलेले धनुष्य देणगी दिले, तरी हीच सगळी तपासणी करा. दानाच्या गाईचे दात पाहू नयेत असे म्हणतात. दानाच्या धनुष्याचे मात्र जरूर पाहावेत. आणि नेम धरायचा तो गवताच्या निशाणावर. वन्य प्राण्यांची शिकार आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंद आहे.

तर भाच्याला काय सांगाल? मी सांगेन ते असे : "बाळ, आकडा वाचू नकोस, अंग वाच. आडवी चीर नसेल, थर सुटले नसतील, पीळ नसेल, पात्याला भोक नसेल आणि ते तुझ्या हाताला झेपत असेल, तर घे. १९५३ च्या नावाखाली जास्त पैसे देऊ नकोस. पण त्या बाईंना त्यांच्या सासऱ्यांविषयी दोन शब्द विचार, आणि ते लिहून ठेव. धनुष्याचे वय नाण्यावरून कळेल. ते कुणाच्या हातात होते, हे मात्र त्याच सांगतील, आणि त्या गेल्यावर ते कुणालाच सांगता येणार नाही."

विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये हे खरे. पण त्याचा शब्द टाकूनही देऊ नये. दात मोजून झाल्यावर बैल कुणाच्या दावणीचा, हे आपण विचारतोच ना?